एचपी राहू द्या, हवा किती ते सांगा

मुळशी तालुक्यात पिरंगुटपासून पौडपर्यंतच्या रस्त्यावरून आत वळले की गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले बंगले दिसतात. त्यांतल्या बऱ्याच बंगल्यांमागे पत्र्याची एक शेड असते आणि त्या शेडमध्ये मालकाचा जीव असतो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत हयात घालवून निवृत्त झालेले कुणी तिथे लाकूडकाम करते, कुणी जुनी बुलेट उघडून बसते. पलीकडच्या वाडीतल्या शेतकऱ्याला भातखाचरातून आलेला पॉवर टिलर साफ करायचा असतो, ट्रॉलीच्या टायरात हवा भरायची असते. ड्रिल झाले, ग्राइंडर झाला, वेल्डिंग मशीनही आले, की पुढची खरेदी एअर कॉम्प्रेसरचीच. आणि या खरेदीत यंत्रांत मुरलेली माणसेसुद्धा चुकतात.

चूक पहिल्याच प्रश्नात होते. पुण्याच्या बोहरी आळीत दुकानाच्या पायरीवर चढता चढता गिऱ्हाईक विचारते, “दोन एचपीचा केवढ्याला?” दुकानदार किंमत सांगतो, टाकीचा रंग दाखवतो, चाके फिरवून दाखवतो आणि व्यवहार होतो. हवेबद्दल दोघांपैकी कुणीच बोललेले नसते. एचपी म्हणजे मोटरची ताकद. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. मोटर किती वीज खाईल याचा अंदाज त्यावरून येतो. नळीच्या तोंडाशी किती हवा मिळेल हे मात्र कळत नाही. अवजार चालते ते त्या हवेवर.

दाबाचा आकडाही तसाच फसवा. गॅरेजमध्ये “किती पाऊंड टाकू?” असे विचारायची आपल्याकडे सवय आहे, म्हणून गेजवर १२० पाऊंड दिसले की समाधान वाटते. पण एवढा दाब सायकलचा पंपही देतो. प्रश्न आहे तो दर मिनिटाला त्या दाबाने किती लिटर हवा सलग मिळते, हा. डब्यावर छापलेला लिटरचा आकडाही बहुतेक वेळा सिलिंडरच्या आकारमानावरून काढलेला असतो. पिस्टनच्या वरची शिल्लक जागा, व्हॉल्व्हची गळती, तापलेली हवा हे सगळे वजा जाता छोट्या यंत्रात प्रत्यक्ष हवा त्या आकड्याच्या साठ-सत्तर टक्केच उरते. कारखान्याचा खरेदी अधिकारी नेमका हाच, वजाबाकीनंतरचा आकडा मागतो. घरगुती गिऱ्हाइकाला तो कुणी सांगत नाही.

एक साधे गणित पाहू. अंगणाच्या लोखंडी फाटकाला स्प्रे गनने रंग द्यायचा आहे. साधारण गनला मिनिटाला २५० लिटर हवा लागते. कॉम्प्रेसर दोन एचपीचा, टाकी ५० लिटरची आणि यंत्र प्रत्यक्षात देते मिनिटाला १२० लिटर. दाब आता पाऊंडाऐवजी बारमध्ये मोजू. टाकीतला दाब ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत तिच्यातून १०० लिटर हवा बाहेर पडते. यंत्र १२० भरते, गन २५० ओढते, म्हणजे मिनिटाला १३० लिटरची तूट. साधारण पाऊण मिनिटात दाब खाली येतो आणि रंगाचा फवारा थुंकू लागतो. मालक गनला दोष देतो, रंगाला देतो, थिनरला देतो. मोठी टाकी घेतली तर थांबण्याची वेळ लांबते, एवढेच. तूट तशीच राहते.

उलट बाजूही आहे. फ्रेमला बारीक खिळे मारायचे, टायर भरायचे, यंत्रातला भुसा उडवायचा, एवढेच काम असेल तर हाच कॉम्प्रेसर भरपूर झाला. ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे पेणला गेले तर गणेशमूर्तींच्या कारखान्यांत कॉम्प्रेसर आणि रंगाच्या गन दिसतात. मूर्तीच्या गालावरची नाजूक छटा देणाऱ्या एअरब्रशला मिनिटाला वीस-तीस लिटर हवा पुरते. सँडरला मात्र ३०० लिटरही कमी पडतात. म्हणून आधी कामांची यादी करावी, त्यातले सर्वांत खादाड अवजार ओळखावे, त्याच्या गरजेपेक्षा थोडी जास्त हवा देणारे यंत्र शोधावे आणि एचपी शेवटी पाहावा.

हवा मोजायची कशी? मोबाइलमधले घड्याळ पुरते. दुकानातच यंत्र सुरू करायला सांगावे, टाकीचा काटा ६ बारवर आला की घड्याळ सुरू करावे, ८ वर आला की थांबवावे. ५० लिटरच्या टाकीत दोन बार वाढले म्हणजे १०० लिटर हवा भरली. एक मिनिट लागले असेल तर यंत्र मिनिटाला १०० लिटर देते. ४० सेकंद लागले असतील तर १५०. डब्यावर काहीही लिहिलेले असो, खरा आकडा हा. जो दुकानदार ही चाचणी करू देणार नाही, त्याच्याकडून कॉम्प्रेसर घेऊ नये.

हे सगळे गिऱ्हाइकाला करावे लागते, ही गोष्ट पुण्याला तरी शोभणारी नाही. कॉम्प्रेसर हा या जिल्ह्याच्या घरचाच विषय आहे. किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ मध्ये स्थापन झाली आणि हडपसरला वाढली. अ‍ॅटलास कॉप्कोने दापोडीत बस्तान बसवले. कारखान्यांच्या मोठ्या यंत्रांबाबत इथे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे. केंद्र सरकारनेही जानेवारी २०२१ मध्ये एअर कॉम्प्रेसरसाठी फ्रीजसारखी तारांकित लेबल योजना आणली, पण ती ऐच्छिक ठेवली. घरगुती यंत्रांना निदान एक सक्ती हवी: ठरावीक दाबाला प्रत्यक्ष मिळणारी हवा, लिटरमध्ये, डब्यावर ठळक छापा. पंख्याच्या वाऱ्याचा आकडा छापता येतो, तर हा का नाही?

दुसरा मुद्दा खास मुळशीचा, म्हणजे पाण्याचा. पावसाळ्यात २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम वाफ असते. ती हवा ८ बारपर्यंत दाबली की तिचे आकारमान नवव्या हिश्श्यावर येते. थंड झाल्यावर तेवढ्या जागेत जेमतेम अडीच ग्रॅम वाफ मावते आणि बाकीचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी उतरते. मिनिटाला १०० लिटर हवा देणारे यंत्र तासभर चालले तर हे पाणी सुमारे १०० मिलिलिटर भरते, म्हणजे चहाचा एक कप. ते काढले नाही तर टाकी आतून गंजते. बाहेरचा रंग लखलखीत राहतो आणि तळाचा पत्रा पातळ होत जातो. म्हणून टाकीखालचा ड्रेन कॉक हात सहज पोहोचेल असा आहे का, हे विकत घेतानाच वाकून पाहावे आणि काम संपले की रोज तो उघडावा. आधी तांबूस पाणी येते, मग नुसती हवा. रंगकाम करायचे असेल तर नळीवर पाणी अडवणारा फिल्टर हवाच.

टाकी म्हणजे दाबून ठेवलेली ऊर्जा. ५० लिटरच्या टाकीत ८ बारला सुमारे ५० किलोज्यूल ऊर्जा असते. एक टनाची मोटार पाच मीटर उंचीवरून पडावी तेवढी. कारखान्यातल्या अशा टाक्यांसाठी १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३१ घातले गेले आणि महाराष्ट्राच्या नियमांनी सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीने तपासणी बंधनकारक केली. घरामागच्या शेडमध्ये तपासनीस येत नाही. तिथे मालकच तपासनीस. म्हणून जुन्या बाजारातून पाटी नसलेली, डागलेली, वेल्डिंगने बुजवलेली टाकी स्वस्तात मिळाली तरी आणू नये. फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर जोडून केलेली जुगाडे तर पाहायलाही थांबू नये. हवेच्या लाइनला पाण्याचा पीव्हीसी पाइप वापरू नये. तो फुटला की तुकडे सुऱ्यांसारखे उडतात. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून पाहावी.

हवेच्या नळीशी खेळ तर कधीच नको. डिसेंबर २०२२ मध्ये हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत शरीरात कॉम्प्रेसरची हवा सोडल्याने १६ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. अंगावरचा भुसा याच नळीने झाडायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडलीच पाहिजे, आणि शेडमध्ये मुले येत असतील तर आधी त्यांच्यासमोर सोडली पाहिजे.

वीज आणि आवाज यांचे थोडक्यात. वाड्या-वस्त्यांवर संध्याकाळी व्होल्टेज पडते. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तेव्हा बारीक एक्स्टेन्शन वायर लावली तर मोटर नुसती गुणगुणते आणि जळते. वायर आखूड ठेवावी, हवेची नळी लांब घ्यावी. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि थेट मोटरला जोडलेले छोटे यंत्र जवळून ८० च्या पुढे सहज जाते.

मुळशीतल्या घरगुती कार्यशाळेसाठी निवड मग अशी ठरते. शेड घरापासून लांब असेल आणि स्प्रेचे काम असेल तर पट्ट्यावर चालणारा, ऑइलचा कॉम्प्रेसर घ्यावा. त्याचा पंप सावकाश फिरतो, वर्षानुवर्षे टिकतो, आणि त्याच्या रिंगा, व्हॉल्व्ह बदलून देणारा मिस्त्री गावातच मिळतो. भिंतीला भिंत लागून शेजार असेल आणि काम हलके असेल तर दातांच्या दवाखान्यात असतो तसा कमी आवाजाचा, ऑइलविना चालणारा घ्यावा. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी पैसे मोजण्याआधी ६ ते ८ बारचा तो मिनिटभर स्वतः उभे राहून मोजावा, आणि आलेला आकडा बिलावर लिहून मागावा.