विश्लेषण : मॅस्टोडॉन, ब्ल्यूस्कायवर ‘आपली माणसं’ कशी सापडतात? आणि अनेक जण परत का फिरतात?

सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांच्या ट्विटर खात्यावर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कारवाई झाली. निमित्त होतं एका जुन्या छायाचित्राचं. १९३६ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये नाझी सलामी देणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभा असलेला एकच माणूस त्यात दिसतो. नाझीविरोधाचं प्रतीक मानलं जाणारं हे चित्र ट्विटरला द्वेषमूलक वाटलं. त्याच सुमारास, ब्लू टिक देताना जातीय भेदभाव होतो, असा आरोप अनेक दलित-बहुजन वापरकर्त्यांनी केला. ट्विटरने तो फेटाळला. पण चिडलेल्या अनेक भारतीयांनी नोव्हेंबरमध्ये मॅस्टोडॉन या फारशा माहीत नसलेल्या नेटवर्कवर खाती उघडली.

काही आठवड्यांतच ही लाट ओसरली. तीन वर्षांनी इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतलं तेव्हा जगभर तेच घडलं. मॅस्टोडॉनचे मासिक सक्रिय वापरकर्ते दोन महिन्यांत सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले आणि पुढे पुन्हा घटले. दार सताड उघडं असूनही लोक का टिकले नाहीत?

विकेंद्रित नेटवर्क म्हणजे काय?

ई-मेलचं उदाहरण सोपं आहे. जीमेलवरचा माणूस याहूवरच्या माणसाला मेल पाठवू शकतो, कारण दोन्ही कंपन्या एकच नियमावली पाळतात. सोशल मीडियासाठी अशीच ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाची नियमावली आहे. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. जर्मनीतल्या ऑयगन रोचको यांनी २०१६ मध्ये सुरू केलेलं मॅस्टोडॉन याच नियमावलीवर चालतं. एकमेकांशी जोडलेल्या अशा सर्व्हरच्या जाळ्याला ‘फेडिव्हर्स’ म्हणतात.

इथे एकच मालक नसतो. हजारो स्वतंत्र सर्व्हर असतात. कुणी एकटा चालवतो, कुणी गट, कुणी संस्था. प्रत्येक सर्व्हरचे नियम वेगळे. सर्व्हरला हाउसिंग सोसायटी मानलं, तर ॲडमिन म्हणजे तिचा सेक्रेटरी. शहर एकच, रस्ते सगळ्यांसाठी खुले, पण रोजचं जगणं कसं असेल हे सोसायटी ठरवते. मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग स्वागत का होत नाही?

पहिली अडचण निवडीची. नवा माणूस सर्व्हर निवडतानाच गोंधळतो आणि सरळ सर्वांत मोठ्या सर्व्हरवर जातो. तिथे गर्दी असते, ओळखीचं कुणी नसतं. शिवाय कोणती पोस्ट कुणाला दाखवायची हे ठरवणारा अल्गोरिदम मॅस्टोडॉनच्या मुख्य फीडमध्ये नाही. स्वतः शोधून लोकांना फॉलो केलं नाही, तर फीड रिकामंच राहतं.

दुसरी अडचण आधीपासून राहणाऱ्यांची. २०२२ मध्ये आलेल्या अनेक कृष्णवर्णीय अमेरिकनांना वंशवादाच्या स्वतःच्या अनुभवांवर लिहितानाही ‘कंटेंट वॉर्निंग लावा’ असं सांगितलं गेलं. संवेदनशील मजकूर झाकण्याची ही सोय जुन्या मंडळींना शिष्टाचार वाटत होती. नव्यांना ती ‘इथे हे बोलू नका’ अशी ताकीद वाटली.

तिसरी अडचण भारतीयांच्या जवळची आहे. मॅस्टोडॉन डॉट सोशल या मुख्य सर्व्हरच्या नियमांत वंशवाद आणि लिंगभेदासोबत जातिवादालाही मनाई आहे. जर्मनीतून चालणाऱ्या सर्व्हरच्या नियमांत हा शब्द असणं महत्त्वाचंच आहे. पण मराठीत किंवा हिंदीत टोमण्याच्या सुरात दिलेली जातिवाचक शिवी तक्रार तपासणाऱ्याला कळली नाही, तर नियम कागदावरच राहतो. हे मोठ्या कंपन्यांनाही लागू आहे. फरक इतकाच की, विकेंद्रित नेटवर्कवर ती भाषा जाणणारा गट स्वतःचा सर्व्हर काढू शकतो.

स्वतःची सोसायटी काढणं सोपं आहे?

तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण सोपं नाही. सर्व्हरचं भाडं, सुरक्षा, तक्रारींचा निपटारा हे सगळं बहुतेक ठिकाणी देणग्यांवर आणि फावल्या वेळात चालतं. मॅस्टोडॉन डॉट लोल या सर्व्हरच्या चालकाने वाद आणि द्वेषाला कंटाळून २०२३ मध्ये तो बंद केला. वापरकर्त्यांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं लागलं. मॅस्टोडॉनवर फॉलोअर्स नव्या खात्यावर नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र नेता येत नाहीत.

एलजीबीटीक्यू समुदायासाठीच्या ‘क्वीअर डॉट एएफ’ या सर्व्हरचं प्रकरण आणखी बोलकं आहे. ‘डॉट एएफ’ हे अफगाणिस्तानचं डोमेन. २०२४ च्या फेब्रुवारीत तालिबानच्या ताब्यातल्या यंत्रणेने हा पत्ताच बंद केला. सर्व्हर स्वतःचा असला, तरी पत्ता दुसऱ्याच्या हातात असू शकतो.

ब्ल्यूस्काय वेगळं काय करतं?

२०२४ च्या फेब्रुवारीत सर्वांसाठी खुलं झालेलं ब्ल्यूस्काय ‘एटी प्रोटोकॉल’ या वेगळ्या नियमावलीवर चालतं. इथे सर्व्हर निवडण्याची कटकट सुरुवातीला नसते. पण स्वतंत्र फीड किंवा नको त्या पोस्ट गाळणारी सेवा कुणालाही तयार करता येते. रूडी फ्रेझर यांनी याच सोयीतून कृष्णवर्णीय वापरकर्त्यांसाठी ‘ब्लॅकस्काय’ उभं केलं. एका फीडपासून सुरू झालेल्या या प्रकल्पाने पुढे स्वतःची देखरेख व्यवस्था आणि तांत्रिक यंत्रणाही उभारली.

ब्राझीलचा अनुभवही लक्षात घेण्यासारखा आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस तिथे एक्सवर बंदी आली आणि काही दिवसांत ब्ल्यूस्कायवर २० लाखांहून अधिक नवी खाती उघडली गेली. त्यांतली बहुतांश ब्राझीलमधली होती. हे लोक एकेकटे आले नाहीत. आपली पोर्तुगीज भाषा, विनोद आणि ओळखीपाळखी घेऊन एकत्र आले. त्यामुळे नव्या ठिकाणी बोलायला माणसं पहिल्या दिवसापासून होती. अर्थात, ब्ल्यूस्कायवरच्या बहुतेक खात्यांचा डेटा आजही त्याच कंपनीच्या सर्व्हरवर आहे. त्यामुळे त्याला पूर्ण विकेंद्रित म्हणता येत नाही.

खातं उघडण्याआधी काय पाहावं?

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरला काही अटी मान्य कराव्या लागतात. द्वेषाविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हर सांभाळू शकेल अशी आणखी किमान एक व्यक्ती आणि बंद करण्यापूर्वी तीन महिन्यांची सूचना, या त्यांतल्या प्रमुख. नवा सर्व्हर निवडताना हीच फूटपट्टी उपयोगी पडते. त्यासोबत आणखी तीन गोष्टी पाहाव्यात : तिथे आपली भाषा बोलणारे आहेत का, तक्रार कोण तपासतं आणि खर्च कोण करतं.

भारतातून २०१९ मध्ये निघालेल्यांचा राग खरा होता. पण बहुतेक जण एकेकटे गेले आणि रिकाम्या फीडसमोर बसून परतले. विकेंद्रित नेटवर्क एका मालकाच्या मर्जीतून सुटका करतं, शेजार मात्र देत नाही. तो जमवावा लागतो, आणि दहा-वीस ओळखीची माणसं सोबत निघाली तर लवकर जमतो.