अकरावीचा प्रवेश एका स्लाइडवर

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. भोर-वेल्हेही त्यात आले. नियम तोंडी सांगून घरी उमगत नाहीत, म्हणून आम्ही पॉवरपॉइंटवर फ्लोचार्ट करतो. इन्सर्टमधील शेप्स उघडा: सुरुवातीला लंबगोल, कामाला आयत, प्रश्नाला शंकरपाळी. जोडायला साधी रेघ नको, कनेक्टर घ्या. टोके कडेच्या ठिपक्यांवर टेकवली की चौकट हलवली तरी बाण सुटत नाही.

खरी गोम एकाच शंकरपाळीत आहे: ‘पहिली पसंती मिळाली?’ ‘हो’ आले तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. ‘नाही’ असेल तर थांबता येते. वेल्ह्याच्या मुलीने नुसत्या नावासाठी पुण्याचे कॉलेज पहिले टाकले आणि तिथे राहायची सोयच नसली, तर? ही शंकरपाळी लाल रंगवा आणि फॉर्म भरण्याआधी अब्बा-अम्मींना दाखवा.