सही हवी, तर प्रश्न विचारा

विद्यालयात कोणी नामवंत पाहुणे आले की भाषण संपताच मुलांच्या वह्या सहीसाठी पुढे सरसावतात. ते दृश्य पाहताना मला डॉ. जयंत नारळीकर आठवतात. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत की, मला पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर पाठवीन आणि उत्तराखाली सही असेलच. वरवर पाहता ही गंमत. परंतु तिच्यात एका वैज्ञानिकाचे सारे जीवनदर्शन सामावले आहे. मोठ्या माणसाचे नाव जपून ठेवण्यापेक्षा आपल्या मनात उगवलेला प्रश्न जपणे अधिक मोलाचे, हे त्यांनी मुलांना उपदेश न करता शिकविले. 20 मे 2025 रोजी ते आपल्यातून गेले. त्यांचा हा धडा मात्र आपल्या शाळांनी अद्याप पुरता गिरवलेला नाही.

स्वतःच्या नावाबाबतही त्यांनी असाच मिश्किलपणा केला होता. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरे त्यांनी उलटी केली आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पारितोषिक मिळाले. कथेचे मोल कथेवरून ठरावे, लिहिणाऱ्याच्या कीर्तीवरून नव्हे, असा त्यामागचा विचार. ज्या समाजात माणसाची पारख करण्याआधी त्याचे आडनाव विचारले जाते, त्या समाजातल्या आपणांस या गंमतीचे मोल अधिक कळावे.

हीच कसोटी त्यांनी पुढे फलज्योतिषाला लावली. 2008 साली डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अन्य सहकाऱ्यांसमवेत त्यांनी एक चाचणी घेतली. 100 हुशार विद्यार्थी आणि 100 मतिमंद मुले, अशा 200 जणांच्या कुंडल्या तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील 40 कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली एवढेच सांगावयाचे होते. 51 ज्योतिषांना कुंडल्या पाठविल्या. उत्तरे आली 27 जणांची. त्यांतली बरोबर निघाली सरासरी 46 टक्के! छापा-काटा केला असता तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. या चाचणीत कोणाची टिंगल नव्हती, कोणाच्या श्रद्धेवर शिवीगाळ नव्हती. ‘तुम्ही म्हणता ते खरे असेलही, चला, पडताळून पाहू’ एवढीच भूमिका होती. सत्याला पडताळणीचे भय नसते.

पण दुसऱ्याच्या श्रद्धेला कसोटी लावणे सोपे असते. अवघड असते ते आपल्या लाडक्या समजुतीला ती लावणे. मनुष्यस्वभावाची खरी मेख येथेच आहे. मी माझाच अनुभव सांगतो. वर्गात नालंदा विद्यापीठ शिकवताना मी दरवर्षी अभिमानाने सांगत असे की, तेथे दहा हजार भिक्खू राहत होते. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, मोजले कोणी?” मी त्याला दरडावून खाली बसविले. आपल्या धम्माच्या वैभवावर शंका घेतोस काय, असा माझा आविर्भाव होता. रात्री झोप येईना. पुस्तके काढली. दहा हजारांचा आकडा ह्युएन त्संगच्या चरित्रात आहे, हे खरे; परंतु त्याच शतकात नालंदात वर्षानुवर्षे राहिलेला इत्सिंग तीन हजारांहून काही अधिक भिक्खूंचा उल्लेख करतो. एम. ए.ला हे दोन्ही वाचले होते. वर्गात मात्र मनाला सुखावणारा आकडा तेवढा सांगत आलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर चूक कबूल केली आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले. त्याने नालंदा तसूभरही लहान झाली नाही. माझा ताठा तेवढा कमी झाला.

तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना हेच सांगितले होते : परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविषयी कठोर इशारा दिला. आणि आपण? जयंतीला मोठमोठी तैलचित्रे लावतो. पण पुतळ्यापुढे नतमस्तक होणाऱ्या मुलाने एखादा अडचणीचा प्रश्न विचारला, तर त्याला उद्धट ठरवतो. शेजाऱ्याच्या घरातील पंचांगाला हसतो आणि आपल्या व्यासपीठावरील ऐकीव गोष्टी मात्र न तपासता पुढे सांगतो. हा दुटप्पीपणा सोडल्याशिवाय ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ हे शब्द केवळ प्रतिज्ञेपुरतेच उरतील.

नारळीकरांचे मोठेपण याही बाबतीत शिकण्याजोगे आहे. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला, हे जगातील बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. नारळीकर अखेरपर्यंत वेगळ्या मताचे राहिले. परंतु ते मत त्यांनी गणिताने आणि निरीक्षणांच्या आधारे मांडले, मतभेद असणाऱ्यांशी वाद घातला, वैर धरले नाही. अल्पमतात असणे हा कमीपणा नव्हे. पुरावा मागितल्यावर रागावणे हा कमीपणा होय.

जालना जिल्ह्याच्या गावोगावांहून, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुले या वसतिगृहात येतात. त्यांच्या पूर्वजांना प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. तो अधिकार मोठ्या संघर्षाने मिळाला आहे. आपणच शिस्तीच्या नावाखाली तो पुन्हा काढून घेऊ नये. माझी एक सूचना आहे. आपल्या विद्यालयाच्या दर्शनी भागात एक पेटी ठेवावी. मुलांनी तीत प्रश्न टाकावेत आणि शिक्षकांनी उत्तर लिहून त्याखाली सही करावी. उत्तर येत नसेल, तर ‘मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू’ असे लिहून सही करावी. पहिली तशी सही करावयास मी तयार आहे.