हौसेची रांग आणि जन्माची जात

गेल्या डिसेंबरात मी आईशी खोटं बोलले. ‘रविवारी कार्यशाळा आहे, फोन लागणार नाही,’ असं सांगून मी दिल्लीत भरलेल्या कॉमिक्सच्या संमेलनाला गेले. हौसेला मोल नसतं असं म्हणतात. त्या दिवशी ते नऊशे रुपये होतं. माझी फेलोशिप चार महिने थकली होती आणि धाकट्या भावाच्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे ‘पुढच्या आठवड्यात पाठवते’ म्हणून मी टाळले होते.

हे आधीच कबूल करते, कारण आपल्यापैकी अनेकांना ही अपराधी भावना ओळखीची असेल. घरातून पहिल्यांदा पदवीपर्यंत पोहोचलेल्यांच्या प्रत्येक रुपयावर आणि प्रत्येक रविवारावर आधीच कुणाचा तरी हक्क असतो. नेट-सेट, स्पर्धा परीक्षा, मेसचं बिल, घराचे पत्रे. या हिशोबात मौजेचा रकानाच नसतो.

मला तिथं नेलं ते वसतिगृहातल्या माझ्या ज्युनिअरनं. ती झारखंडची, तीही घरातली पहिली पदवीधर. तिला मांगाचं, म्हणजे जपानी कॉमिक्सचं वेड. पुठ्ठा, काळं कापड आणि चॉकलेटची चांदी घेऊन तिनं रात्री जागून नारुतोची कपाळपट्टी बनवली होती. नारुतो हा पोरका मुलगा. त्याच्या शरीरात एक राक्षसी कोल्हा कोंडलेला असतो, म्हणून सगळं गाव त्याला टाळतं. ‘दीदी, वाळीत टाकलेल्या पोराची गोष्ट आहे, तुम्हाला लगेच कळेल,’ असं ती म्हणाली होती.

आत गेल्यावर मी हरखून गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. दहा-बारा बॅटमन, पुठ्ठ्याची चिलखतं, माणसाहून उंच तलवारी. माझी ही ज्युनिअर विभागातल्या चर्चासत्रात तोंड उघडत नाही. इथं मात्र अनोळखी पोरं तिला थांबवून फोटो मागत होती आणि ती बोटं जुळवून ऐटीत उभी राहत होती. तिचं आडनाव कुणी विचारलं नाही. मुखवट्याचा एवढा तरी फायदा असतो.

मग आम्ही खाण्याच्या रांगेत उभ्या राहिलो. आमच्या पुढे तीन-चार मुलं होती. एकाच्या टी-शर्टवर गोलात कोरलेला एक्स, म्हणजे एक्स-मेनची खूण. बोलणं एका वर्गमित्राच्या प्रवेशावर आलं. ‘अरे, कोटेवाला है,’ टी-शर्टवाला म्हणाला. सगळे हसले. पुढचं वाक्य याहून वाईट होतं, ते इथं लिहीत नाही.

एक्स-मेन ही मालिका स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली सुरू केली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी नागरी हक्कांसाठी वॉशिंग्टनवर मोर्चा नेला, त्याच वर्षी. यातली पात्रं म्युटंट आहेत, म्हणजे जन्मतःच वेगळी. त्यांनी काही केलेलं नसतं, तरी समाज त्यांचा द्वेष करतो. पुढे या कथांत त्यांची नोंदणी, त्यांच्या वेगळ्या वस्त्या, त्यांची हत्याकांडंही आली. जन्मावरून माणसाला हीन ठरवणं म्हणजे काय, हे त्या मुलाला पाठ असणार. दुसऱ्या विश्वातल्या निळ्या कातडीच्या माणसासाठी तो हळहळलाही असेल. फक्त शेजारच्या बाकावरच्या वर्गमित्रापर्यंत ती हळहळ पोहोचली नाही.

मी गप्प राहिले. मला ही गोष्ट आजही टोचते. जातीवर प्रबंध लिहिणारी बाई रांगेत मान खाली घालून मोमोची वाट पाहत होती. पण खरं कारण सांगते. त्या एका दिवशी मला संशोधक व्हायचं नव्हतं, कुणाची प्रतिनिधी व्हायचं नव्हतं. मला फक्त प्रेक्षक व्हायचं होतं. इतरांना ही सुटी जन्मानं मिळते, आपल्याला ती तिकीट काढूनही मिळत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी आवडीनिवडीही घरातूनच मिळतात हे दाखवून दिलं. त्याला आपण सांस्कृतिक भांडवल म्हणतो. एका स्टॉलवर मला विचारलं गेलं, ‘कधीपासून वाचता?’ समोरच्याकडे वडिलांनी परदेशातून आणलेले जुने अंक होते. माझ्याकडे रद्दीतून आलेला, शेवटची पानं फाटलेला चांदोबा होता आणि शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून पाहिलेला शक्तिमान होता. ‘खरा फॅन’ कोण हे ठरवणारी परीक्षा आणि ‘खरं मेरिट’ कोणाचं हे ठरवणारी परीक्षा यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे आधी मिळालेलं घबाड मोजत नाहीत.

मी तीन ठिकाणी ‘भीमायन’ मागितलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या आयुष्यावर चितारलेलं हे पुस्तक नवयान प्रकाशनानं २०११ साली काढलं. भारतातलं पहिलं कॉमिक कॉनही त्याच वर्षी दिल्ली हाटमध्ये झालं. म्हणजे दोघांचं वय सारखंच. तरी तिन्ही स्टॉलवर ते नव्हतं. एकानं तर नावच पुन्हा विचारलं.

परतताना मेट्रोत मला जॉन लुईस आठवले. १९५७ साली माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर दहा सेंटचं एक छोटं कॉमिक निघालं होतं. अहिंसक लढा कसा द्यावा हे त्यातून विद्यार्थी शिकले. लुईस त्याच पिढीतले. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर पोलिसांनी त्यांचं डोकं फोडलं. पुढे खासदार झाल्यावर त्यांनी सहकाऱ्यांसोबत आपली कहाणी ‘मार्च’ या तीन भागांच्या कॉमिकमधून सांगितली. २०१५ साली, पंचाहत्तरीत, ते सॅन डिएगोच्या कॉमिक कॉनला गेले. अंगात सेल्माच्या दिवशी होता तसा कोट, पाठीवर तशीच पिशवी. सगळे कुणाचं ना कुणाचं सोंग घेऊन आले होते. लुईस पंचविशीतले स्वतः होऊन आले आणि शाळकरी मुलांचे हात धरून त्या गर्दीतून चालत गेले.

आपल्या चळवळीत एक मत नेहमी ऐकू येतं की असली संमेलनं म्हणजे उच्चवर्णीय पोरांचे चोचले, आपण तिकडे फिरकू नये. मला ते पटत नाही. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले. त्यानं लढ्याचं काही बिघडलं नाही. निरुपयोगी गोष्टीवर जीव लावण्याची मोकळीक हाही समतेचाच भाग आहे, आणि ती आपण सोडून दिली तर दुसरे ती आनंदानं ठेवून घेतील. पण तिथं जायचं तर मान खाली घालून, दुसऱ्यांच्या परीक्षेत पास होण्यासाठी नव्हे. आपली पुस्तकं तिथं मागायला हवीत, आपल्या चित्रकारांनी स्टॉल मागायला हवेत, आणि रांगेत कुणी बोललं तर एक प्रश्न तरी विचारायला हवा: ‘तुझ्या टी-शर्टवरची गोष्ट तू वाचलीस का?’ हा प्रश्न मला मेट्रोत सुचला. उशिरा सुचला.

भावाच्या फॉर्मचे पैसे मी दोन दिवसांनी उसने घेऊन पाठवले. आईला खरं सांगायला मात्र महिना लागला. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. नऊशे रुपयांचा आकडा ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘जत्राच की गं ती. मग खोटं कशाला बोललीस?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्युनिअर पुढच्या वर्षीसाठी पुठ्ठा जमवते आहे. मीही जाणार आहे, पिशवीत ‘भीमायन’ घेऊन आणि घरी सांगून.