फोनचा चार्ज घेताना

तलाठ्याची बदली झाली की नवा तलाठी दप्तर मोजून घेतो. पतसंस्थेचा रोखपाल बदलला की रोख शिल्लक, शिक्के, किल्ल्या यांची यादी होते आणि दोघांच्या सह्या होतात. कार्यालयातल्या टेलिफोन यंत्रणेचा चार्ज मात्र कसा दिला जातो? जुना माणूस नोकरी सोडून पुण्याला जातो. साहेब कॉम्प्युटर शिकलेल्या एखाद्या कंत्राटी मुलाला किंवा मुलीला बोलावून सांगतात, "आजपासून फोनचंही तूच बघ." ना कागद, ना सही. पगारही तोच!

वाचकहो, संगमनेरात पतसंस्था, दूध संघ, कॉलेजे, दवाखाने यांची कार्यालये पुष्कळ आहेत. अशा टेबलांवर बसणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

पूर्वी फोन बिघडला तर लाईनमनला बोलावले की झाले. फोनला लागणारी वीजसुद्धा एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून तारेवाटेच येई, त्यामुळे गावात अंधार असला तरी फोन चाले. नव्या यंत्रणेत टेबलावरचा फोन म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. आवाजाचे तुकडे होऊन ते कॉम्प्युटरच्या केबलमधून जातात, आणि कोणत्या फोनला कोणता नंबर हे सर्व्हर ठरवतो. लाईट गेली आणि यूपीएस नसला की सगळे फोन मुके. पुष्कळ ठिकाणी हा सर्व्हर 'अ‍ॅस्टेरिस्क' या मोफत प्रणालीवर चालतो. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने ती १९९९ साली लिहायला घेतली, कारण त्याच्या छोट्या धंद्याला विकतची यंत्रणा परवडत नव्हती. तेव्हा शिकायला क्लासची फी भरलीच पाहिजे असे नाही. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर सराव होतो.

भीती वेगळीच आहे. अशी सर्व्हर हुडकत चोरांचे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. एक्स्टेंशन १०१ आणि पासवर्डही १०१ असा एक जरी सापडला, तरी शनिवारी रात्री परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉलवर कॉल जातात. कार्यालयाला कळते सोमवारी, कधी कधी तर बिल आल्यावर. मग पहिला प्रश्न येतो, चार्ज कोणाकडे होता? कायम नोकरीतले हात झटकतात आणि बोट कंत्राटी पोराकडे जाते. त्याच्याजवळ कागद नसेल तर तो काय दाखवणार?

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, पहिल्याच दिवशी दोन ओळींचे पत्र द्यावे. अमुक तारखेस यंत्रणा अशा स्थितीत मिळाली, इतके फोन, इतक्या बाहेरच्या लाईन, आणि पोच घ्यावी. साहेब हसतील. हसू द्यावे! त्यानंतर सर्व्हरच्या सध्याच्या मांडणीची एक प्रत काढून वेगळी ठेवावी आणि त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलून बंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत. ज्या टेबलाला परदेशी फोनची गरज नाही तिथे आयएसडी बंद करावे. बाकी दुरुस्त्यांची घाई करू नये. आधी आठवडाभर कोणता फोन कुठे वाजतो ते पाहावे. रात्रीचे कॉल जुन्या माणसाच्या मोबाईलवर वळवलेले असतात आणि कोणाच्या लक्षात नसते. बाहेरचे नंबर कोणाच्या नावावर आहेत तेही पाहावे. ०२४२५ चा जो नंबर वर्षानुवर्षे पासबुकावर छापला, तो ठेकेदाराच्या नावावर निघाला तर भांडण झाल्यावर तो परत मिळवताना नाकी नऊ येतात.

जुन्या माणसाला चोर समजू नये. त्याला कोणी लिहून ठेवायला सांगितलेच नव्हते. सुट्टीला गावी आला की चहाला बोलवावे आणि वही घेऊन बसावे. तासाभरात महिन्याचे काम होते.

एक गोष्ट हमखास राहते. बऱ्याच कार्यालयांत बाहेर फोन लावायला आधी शून्य दाबावा लागतो. रात्री वॉचमनने घाबरून नुसते ११२ दाबले तर लागेल का? लागत नसेल तर सर्व्हरमध्ये तशी सोय करावी आणि १०८ चीही त्यासोबतच.