सोलापुरात डीजेच्या भिंती गाजतात, पण घरातल्या महागड्या स्पीकरला नेमका किती वॉटचा ॲम्प्लिफायर लागतो?

सोलापूर हे मिरवणुकांचं शहर. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज, मग शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती, नवरात्र. लेझीमसाठी ओळखल्या जाणाऱ्या याच शहरात डीजेच्या भिंती इतक्या उंच झाल्या की 2025 च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर 'डीजे नको' म्हणणारे नागरिक उघडपणे पुढे आले.

डीजेचा विषय निघाला की मोठेपणा सांगितला जातो तो वॉटमध्ये. घरासाठी चांगले स्पीकर घेणाराही दुकानात पहिला प्रश्न हाच विचारतो, "किती वॉटचे आहेत?" मग दोन लाखांच्या स्पीकरला चुकीचा ॲम्प्लिफायर जोडला जातो. कधी आवाज मरगळलेला येतो, कधी महिनाभरात ट्विटर जळतो. दोष मात्र स्पीकरच्या कंपनीला दिला जातो.

रस्त्यावर असो की हॉलमध्ये, ध्वनीचं गणित एकच आहे. ते एकदा कळलं की डीजेच्या भिंती का वाढत गेल्या हेही कळतं आणि घरातले पैसेही वाचतात.

वॉट म्हणजे आवाज नव्हे

ॲम्प्लिफायर देतो ती वीज. त्या विजेचा किती आवाज करायचा, हे स्पीकर ठरवतो. त्यासाठी स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' हा आकडा असतो. स्पीकरला 2.83 व्होल्ट, म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरला 1 वॉट, दिला तर 1 मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, हे तो सांगतो. घरगुती स्पीकरमध्ये तो साधारण 84 ते 90 असतो. भोंग्याच्या रचनेचे स्पीकर 100 च्या पुढे जातात. 1946 साली आलेल्या 'क्लिप्शहॉर्न'चा आकडा कंपनी 105 सांगते.

डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटावा इतका, म्हणजे अंदाजे 10 डेसिबल, आवाज वाढवायचा तर वॉट 10 पट लागतात.

समजा, जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये 87 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे दोन स्पीकर आहेत आणि ऐकणारा 3 मीटरवर सोफ्यात बसला आहे. अंतरामुळे साडेनऊ डेसिबल गेले, दोन स्पीकर असल्याने 3 परत आले, भिंतींनी परतवलेला आवाज धरून आणखी दोन-अडीच. म्हणजे प्रत्येकी 1 वॉटवर त्याच्या कानापाशी सुमारे 83 डेसिबल. घरात गाणं ऐकायला हे भरपूर आहे. मग शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर कशाला?

तबल्याच्या थापेसाठी. संगीताची सरासरी पातळी आणि त्यातला क्षणिक ठोका यांत 15 ते 20 डेसिबलचा फरक असू शकतो. सरासरी 75 ठेवून ऐकलं आणि ठोका 95 पर्यंत गेला, तर 16 वॉट पुरतात. सरासरी 85 ठेवली की ठोक्याला 105 लागतात, आणि वॉट थेट 160 वर जातात. तोच ठोका 97 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर 16 वॉटमध्ये देतो. 'माझा ॲम्प 200 वॉटचा' या वाक्याला स्पीकरचं नाव घेतल्याशिवाय काही अर्थ नाही, तो यामुळे.

जुन्या काळी टॉकीजवाल्यांना हे चांगलं ठाऊक होतं. व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर थोडेच वॉट द्यायचे, म्हणून पडद्यामागे प्रचंड भोंगे असायचे. 1945 मध्ये आलेली अल्टेक लॅन्सिंगची 'व्हॉइस ऑफ द थिएटर' ही मालिका त्याच गरजेतून घडली.

मग डीजेची भिंत इतकी मोठी का?

याच गणितामुळे. 100 डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या एका बेस स्पीकरला 1000 वॉट दिले, तर 1 मीटरवर 130 डेसिबल होतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात, या हिशेबाने 32 मीटरवरच्या घरापर्यंत 100 डेसिबल पोचतात. हा एका खोक्याचा हिशेब. शेजारच्या मंडळाला त्याच्यापेक्षा 'दुप्पट' वाजवायचं असेल तर दहापट वीज आणावी लागते. ट्रॅक्टरवरचे खोके आणि जनरेटर या स्पर्धेत वाढत गेले.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. अंतर किती आहे ते वेगळं सांगायला नको.

खरी अडचण ओहमची

सेन्सिटिव्हिटी जमली तरी जोडी जुळतेच असं नाही. स्पीकरवर '8 ओहम' लिहिलेलं असतं, पण तो रोध स्थिर नसतो. सूर बदलला की तो बदलतो. बॉवर्स अँड विल्किन्सच्या 802 या महागड्या स्पीकरचं उदाहरण घ्या. कंपनीच स्पष्ट लिहिते: 8 ओहम, पण किमान 3 ओहम. सेन्सिटिव्हिटी 90 आहे, म्हणजे कागदावर तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात काही सुरांवर तो ॲम्प्लिफायरकडून अडीचपटीहून जास्त करंट मागतो.

8 ओहमला 100 वॉट देताना ॲम्प्लिफायर सुमारे साडेतीन अँपिअर सोडतो. स्पीकर 4 ओहमवर आला की तेवढ्याच व्होल्टेजला 7 अँपिअर लागतात, 2 ओहमवर 14. ज्याचा ट्रान्सफॉर्मर आणि वीजपुरवठ्याचा भाग दणकट आहे तो हे देतो, आणि त्याच्या माहितीपत्रकात 8 ओहमला 100 तर 4 ओहमला 200 किंवा त्याच्या जवळपास असं लिहिलेलं सापडतं. ज्याचा आकडा 100 वरून जेमतेम 120 होतो, किंवा 4 ओहमचा उल्लेखच नसतो, तो अशा स्पीकरपुढे दमतो. ॲम्प निवडताना वॉटच्या आधी ही दोन आकड्यांची जोडी पाहावी. दुकानात वजन उचलून पाहणारे जुने शौकीन अगदीच वेडे नव्हते. अर्थात क्लास डी तंत्राचे आजचे हलके ॲम्पही भरपूर करंट देतात, त्यामुळे वजनाची कसोटी आता पुरेशी नाही.

व्हॉल्व्ह ॲम्पची गोष्ट उलटी. 300बी या एकाच व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प 8 वॉटच्या आसपास देतो. 100 च्या पुढच्या भोंग्यावर तो गोड वाजतो. मॅग्नेपॅनसारख्या 4 ओहमच्या, 86 डेसिबलच्या सपाट स्पीकरला जोडला तर दोघांचीही बदनामी होते.

कमी वॉटनेही स्पीकर जळतो?

हो. 'स्पीकर 150 वॉटचा आहे, ॲम्प 40 चाच आहे, म्हणजे सुरक्षित' हा समज फसवा आहे. स्पीकरवरचा वॉटचा आकडा तो किती सहन करू शकतो हे सांगतो, आणि तोही संगीताची सरासरी गृहीत धरून. 40 वॉटच्या ॲम्पचं बटण शेवटपर्यंत पिळलं की लाटांची टोकं छाटली जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. खालचे सूर तिथेच अडतात, वरचे मात्र वाढत राहतात, आणि छाटलेल्या टोकांमुळे वरच्या सुरांची भर पडते ती वेगळीच. हे सगळं जातं ट्विटरकडे, ज्याची तार केसासारखी बारीक असते. घरात पार्टी असली की ट्विटर जातो, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

आवाज कर्कश, चिरका झाला की बटण मागे घ्यायचं. मोठा ॲम्प शांतपणे वाजवला तर तो छोट्या पिळलेल्या ॲम्पपेक्षा स्पीकरला सुरक्षित असतो.

आणि खोक्यावरच्या 'पीएमपीओ'कडे तर बघूच नये. त्या आकड्याला कोणतंही मानक नाही. अमेरिकेत 1974 पासून ॲम्प्लिफायरच्या वॉटबद्दल नियम आहे. 2024 मध्ये तो आणखी कडक झाला: 8 ओहम, 20 ते 20 हजार हर्ट्झ, विकृती 1 टक्क्याच्या आत, असं मोजूनच वॉट सांगायचे. आपल्याकडे ग्राहकाने या तीन गोष्टी स्वतः विचाराव्यात. '1 किलोहर्ट्झ, 10 टक्के विकृती, एकच चॅनल' असं बारीक अक्षरात लिहिलेले 150 वॉट प्रत्यक्षात निम्मेही नसू शकतात.

डीजेचा ॲम्प घरी लावला तर?

स्वस्तात भरपूर वॉट मिळतात, म्हणून हा मोह होतो. चालतो का? चालतो. करंट भरपूर असतो. पण पंख्याची घरघर रात्री मालकंस ऐकताना सोसत नाही, आणि सेन्सिटिव्ह स्पीकरवर बारीक सुस्कारा सतत ऐकू येतो. धोका आहे तो ब्रिज मोडचा. दोन चॅनल जोडून वाजवलं की प्रत्येक चॅनलला स्पीकरचा निम्मा रोध दिसतो. म्हणजे 4 ओहमचा स्पीकर 2 ओहमसारखा. त्यात तो आतून 3 पर्यंत उतरणारा असेल तर ॲम्प बंद तरी पडतो, नाहीतर जळतो.

सभामंडपातल्या आहुजा पद्धतीच्या ॲम्पवर 70 किंवा 100 व्होल्ट लाइनचे स्क्रू असतात. ते लांब तारेवरच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या भोंग्यांसाठी आहेत. घरचा स्पीकर थेट तिथे जोडायचा नाही. 100 व्होल्ट 8 ओहमवर सोडले तर हिशेब 1250 वॉटचा होतो.

सोलापूरचा उन्हाळा आणि शहाबादी फरशी

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. क्लास ए प्रकारचा 30 वॉटचा ॲम्प गाणं सुरू नसतानाही दोनशे-अडीचशे वॉट खाऊन उष्णता सोडत बसतो. बिनएसीच्या हॉलमध्ये तो म्हणजे लहानसा हीटरच. इथे क्लास एबी किंवा डी बरा. बंद शोकेसमध्ये तर कुठलाच ॲम्प कोंडू नये.

फरशी, काचा, रिकाम्या भिंती यांमुळे आवाज खणखणतो. त्यावर ॲम्प बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याआधी घरातली जाड सोलापुरी चादर घडी घालून स्पीकरच्या बाजूच्या भिंतीवर टांगून पाहावी. वरच्या सुरांचा खणखणाट बराच बसतो. बेस मात्र चादरीला जुमानत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून फूट-दीड फूट पुढे ओढावा लागतो.

आणि शेजारी?

आवाज मोजण्याची 'डेसिबल ए' ही पद्धत कानाच्या स्वभावानुसार खालचे सूर कमी धरते. 50 हर्ट्झचा बेस मीटरवर तब्बल 30 डेसिबलने कमी दिसतो. म्हणून मिरवणुकीत मीटरचा आकडा आणि छातीतली धडधड जुळत नाहीत. फ्लॅटमध्येही नेमका हाच बेस भिंत ओलांडतो, गाण्याचे शब्द अलीकडेच राहतात.

कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: 80 डेसिबल आठवड्याला 40 तास, 90 असेल तर 4 तास, 100 असेल तर जेमतेम 20 मिनिटं. वर 160 वॉट मागणारा 85 सरासरीचा श्रोता आठवड्याला साडेबारा तासांत आपला कोटा संपवतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम फक्त डीजेला लागू आहेत असं समजणाऱ्यांसाठी त्यात एक स्वतंत्र कलम आहे. खासगी मालकीच्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त असता कामा नये. म्हणजे निवासी भागात रात्री दहानंतर घराच्या हद्दीवर 50 डेसिबल. मग स्पीकर दोन लाखांचा असो की ट्रॅक्टरवरचा.