आधी मिनिटभर श्वास मोजा

मुलांच्या न्यूमोनियाचा विषय निघाला की ठरलेली मागणी पुढे येते: मोठं बालरुग्णालय हवं, व्हेंटिलेटर हवेत, तज्ज्ञ हवेत. हवेतच. पण उपचारांचा दर्जा तिथून सुरू होतो, हे मला साफ अमान्य आहे. धापा टाकत तिथं पोचलेलं मूल पुष्कळदा त्याआधी कुणाला तरी दाखवून झालेलं असतं. कफ सिरप मिळालेलं असतं, एखादं इंजेक्शनही. झबलं वर करून छाती मात्र कुणी पाहिलेली नसते.

पाहायचं काय? मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. खोकणाऱ्या मुलाचा आकडा दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरला, की न्यूमोनिया समजून चालायचं. मूल पीत नसेल, मलूल पडलं असेल, तर तडक रुग्णालय. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर नुसता श्वास वाढला तरी थांबायचं नाही.

‘हे गावातल्या कमी शिकलेल्या बाईला कसं जमणार?’ असं विचारणाऱ्यांना गडचिरोलीनं केव्हाच उत्तर दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दाईंना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी यांचं साधं यंत्र बनवलं. 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: उपचार झालेल्या 612 रुग्णांत मृत्यू 0.8 टक्के, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत 13.5 टक्के. एवढ्यावरही ज्याला दाईच्या हातावर भरवसा ठेवता येत नाही, त्यानं आपल्या शंकेचा आधार दाखवावा.

अँटिबायोटिकचा वारेमाप वापर होईल, ही भीती रास्त आहे. पण वारेमाप वापर आज न मोजताच चालला आहे. साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक लागत नाही, आणि ते हातचं राखायला श्वासाचा आकडाच कामी येतो.

श्वास मोजून सगळं कळतं, असं मात्र मी म्हणणार नाही. तापानंही श्वास वाढतो. रक्तातला ऑक्सिजन किती उतरला, हे नुसत्या डोळ्यांना नेमकं कळत नाही; त्यासाठी मुलांच्या बोटाला बसणारा पल्स ऑक्सिमीटर प्राथमिक आरोग्य केंद्रात हवा आणि ऑक्सिजनही. या खर्चासाठी भांडायला मी तयार आहे.

राहिला गर्दीचा प्रश्न, आणि तोच सर्वांत खरा. भरल्या ओपीडीत डॉक्टरनं प्रत्येकाला मिनिट कुठून द्यायचं? डॉक्टरनं मोजायची गरजच नाही. वजन घेणाऱ्या सिस्टरनं फक्त खोकणारी मुलं बाजूला बसवावीत, आईच्या मांडीवरच श्वास मोजावेत आणि केस पेपरवर वजनाशेजारी आकडा लिहावा. त्यासाठी केस पेपरवर एक रकाना छापून घ्यावा लागेल आणि सिस्टरच्या माथी मारलेली रजिस्टरं थोडी कमी करावी लागतील.